विशेष बाब म्हणून

मुलीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत गेलेल्या आईबापांना चौथा आठवडा फार जड जातो. पहिल्या आठवड्यात झोप पुरी होते. दुसऱ्यात कमान बघून होते. (सेंट लुईसला मिसिसिपीच्या काठावर ६३० फूट उंच स्टेनलेस स्टीलची कमान आहे. छोट्याशा डब्यात बसून वर जाता येतं आणि वर गेल्यावर कमान सोडून बाकी सगळं सेंट लुईस दिसतं.) तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या स्वयंपाकघरातले डबे आपल्या पद्धतीने लावून होतात आणि ‘आई, जिरं कुठे गेलं?’ हा प्रश्न रोज ऐकू येऊ लागतो. चौथ्या आठवड्यात मुलगी-जावई कामावर, नात शाळेत, आणि गाडी चालवता येत नसल्यामुळे आपण सोफ्यावर. आमच्या ह्यांनी फोनवर मालिका लावली. तीत नायिका सासूच्या औषधासाठी गुपचूप स्वतःच्या पाटल्या मोडत होती. मी तळघरात उतरले.

तळघरात चार खोकी होती, मुलीच्या शिकतानाच्या दिवसांतली. “त्यात काही नाही गं, जुनी पुस्तकं आहेत,” असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी एकतीस वर्षं सरकारी लेखापरीक्षणात काढली. ‘त्यात काही नाही, जुने कागद आहेत’ असं ज्या कपाटाबद्दल सांगतात, ते कपाट आम्ही चहा यायच्या आधी उघडतो.

वर एमएसची पुस्तकं होती आणि खाली तिसेक जाडजूड पेपरबॅक. जवळजवळ प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर एक बाई पाठमोरी उभी. चामड्याची विजार, हातात पिस्तूल नाहीतर तलवार, कमरेवर गोंदण, मागे चंद्र आणि उंच इमारती. सगळ्या पाठमोऱ्या का, ते मला वाचत गेल्यावर कळलं. ह्यांच्या घरी जे चाललेलं असतं, ते बघता तोंड दाखवायला जागा उरत नाही.

ह्या प्रकाराला अर्बन फँटसी म्हणतात. म्हणजे भुतंखेतं पडक्या वाड्यात आणि माळावर न राहता शहरात राहतात, भाडं भरतात, धंदे काढतात. आणि स्वतःच्या पगारावर जगणारी, तोंडाने फटकळ अशी एक मुलगी त्यांचा बंदोबस्त करते. बंदोबस्त करता करता त्यांच्यातल्याच एकाच्या प्रेमात पडते. चुकले, दोघांच्या.

खोक्यातलं सगळ्यात जुनं पुस्तक १९९३ सालचं निघालं. लेखिका लॉरेल के. हॅमिल्टन, नायिका अनिता ब्लेक. नाव बघून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या आवक-जावक शाखेत एक अनिता होती. ही मात्र आईकडून मेक्सिकन आणि वडिलांकडून जर्मन. आणि राहायला कुठे, तर सेंट लुईसला! चामड्याच्या विजारीतली ही सगळी भानगड मी बसले होते तिथून गाडीने अर्ध्या तासावर चालली होती आणि आम्हाला कमान दाखवून गप्प बसवण्यात आलं होतं.

अनिताची नोकरी मुडदे उठवण्याची. मृत्युपत्रावरून भावाभावांत वाजलं, की ती रात्री दफनभूमीत जाते, कोंबडा कापते, रक्ताचं रिंगण घालते आणि मयताला उठवून विचारते, की घर नक्की कोणाला लिहिलंय? मयत सांगतो आणि परत झोपतो. पैसे तिच्या कंपनीला, आणि कंपनीचा मालक असा की मुडद्याला घाम फुटेल पण ह्याला दरपत्रकात सूट सुचायची नाही. हे वाचताना मी चष्मा पुसला. एका पतसंस्थेच्या तपासणीत मला एकदा सात मयत सभासदांच्या सह्या कर्जरोख्यांवर सापडल्या होत्या. सगळ्या ताज्या, सगळ्या एकाच पेनाने. अमेरिकेत मयताची साक्ष काढायला केवढा खटाटोप! आपल्याकडे मयत दुपारच्या वेळात येऊन सही करून जातात, वर जामीनही राहतात.

कोंबड्यापाशी मी अडखळले नाही. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. आमच्याकडे जागेला राखणदार असतो. वर्षातून एकदा त्याला कोंबडा दिला, की तो हद्द राखतो. शेजारी आरवलीला वेतोबा. तो रात्री गावाची रखवाली करत फिरतो अशी श्रद्धा, म्हणून नवसाला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात आणि त्या झिजतात, असं गावची माणसं सांगतात. त्यामुळे शहराला एक अदृश्य धनी असतो, त्याची हद्द असते, त्याचा मान ठेवावा लागतो, ह्यातलं मला नवीन काही नव्हतं. फक्त राखणदाराबरोबर जेवायला बाहेर जावं, असं आमच्या आजीच्या कधी मनात आलं नाही.

अनिताच्या ते मनात येतं, आणि घोटाळा इथून सुरू होतो. कारण तिच्याकडे आणखी एक कार्यभार आहे. ती परवानाधारक वधाधिकारी आहे. तिच्या अमेरिकेत रक्त पिणाऱ्या व्हॅम्पायरांना कायद्याने हक्क मिळालेत, त्यामुळे दिसला की मारला असं चालत नाही, न्यायालयाचा हुकूम लागतो. हुकूम निघाला की अंमलबजावणी अनिताकडे. आणि तिच्यावर जो भाळलाय तो झाँ-क्लोद हा व्हॅम्पायर; पहिल्या पुस्तकाच्या शेवटी तो शहराचा धनी होतो. ते पद रिकामं कसं झालं? आधीच्या धनिणीला अनिताने मारलं म्हणून! हजार वर्षं जुन्या, दिसायला लहान मुलीसारख्या धनिणीला. आता बघा, ज्या खात्यावर नियंत्रण ठेवायला नेमलं, त्या खात्याचा प्रमुख आपल्या हातून घालवायचा आणि रिक्त पदावर बढती कोणाला, तर आपल्यामागे लागलेल्या गृहस्थाला. मी पेन्सिल घेतली आणि सवयीने समासात आक्षेप क्रमांक एक लिहिला. हितसंबंध उघड केलेले नाहीत.

झाँ-क्लोदचं स्थळ म्हणून बघायला गेलं तर कागद फारसा वाईट नाही. धंदा स्वतःचा. वेळ रात्रीची. वयाच्या रकान्यात शतकं. पांढरे झालरीचे शर्ट घालतो, ते रोज इस्त्री कोण करणार हा प्रश्न पुस्तकात येत नाही. धंदा कसला, ते मात्र मी आमच्या ह्यांना सांगितलेलं नाही. एक क्लब आहे एवढंच सांगितलं. त्यांना वाटतं, तिथे पत्ते खेळतात.

एक गुण मात्र उचलण्यासारखा. बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर घरात पाऊल टाकत नाही. आमच्या सासरच्या काही मंडळींनी ही एवढी एक गोष्ट घेतली असती, तर मी ते रात्री काय पितात ह्याची चौकशी केली नसती.

तर झाँ-क्लोद मागे, अनिता पुढे. तिचं म्हणणं स्वच्छ आहे. मी ह्यांना मारते, ह्यांच्याबरोबर हिंडत नाही. गळ्यात क्रूस आहे आणि व्हॅम्पायर जवळ आला की तो उजळतो. मुडदे उठवणाऱ्यांना कॅथलिक चर्चने बाहेर काढलं, तर हिने पंथ बदलला पण देव सोडला नाही. घरी कापसाचे पेंग्विन जमवते आणि उशाशी ब्राउनिंग पिस्तूल ठेवते. एकटी राहणाऱ्या मुलीचं घर ह्याहून चांगलं मी वाचलेलं नाही. १९९४ च्या पुस्तकात एक धनाढ्य माणूस तिला दहा लाख डॉलर देऊ करतो. काम काय, तर जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी मेलेला एक मुडदा उठवायचा. मुडदा जितका जुना तितका बळी मोठा लागतो, आणि एवढ्या जुन्याला कोंबडा-बकरं पुरत नाही, माणूस लागतो. ‘पांढरं बकरं’ म्हणतात त्याला. अनिता नाही म्हणते. मागे-पुढे बघत नाही, वरिष्ठांकडे मार्गदर्शन मागत नाही. मालक चिडचिड करतो, पण ही हलत नाही. तेवढ्यासाठी मी समासात ‘योग्य’ असंही लिहिलं. एकतीस वर्षांत मी तो शब्द फार जपून वापरला.

मग १९९५ साली रिचर्ड येतो, आणि पुस्तक खाली ठेवून मी मुलीला कामावर फोन केला.

“हा रिचर्ड चांगला आहे.”

“आई, मी मीटिंगमध्ये आहे.”

“शाळेत विज्ञान शिकवतो. कायम नोकरी. उन्हाळ्याची सुट्टी.”

“आई, तो लांडगा आहे.”

“वाचलंय मी. महिन्यातून एकदाच ना?”

पलीकडून तिने फोन कानापासून लांब धरल्याचं मला जाणवलं. पण माझं म्हणणं खरं होतं. दिसायला देखणा, स्वयंपाक येतो, डोंगरात-गुहांत हिंडायची आवड, रक्ताचा थेंब सांडायला नको असं वाटणारा सज्जन मुलगा. पौर्णिमेला त्याचा लांडगा होतो, हा एक दोष. सत्यनारायणाला उपयोगाचा नाही, बाकी वर्षभर काय अडचण आहे? आमच्या पिढीत ह्याहून कितीतरी मोठ्या दोषांवर ‘स्वभाव थोडा तापट आहे’ एवढं म्हणून लग्नं लागली.

रिचर्ड लग्नाचं विचारतो, अनिता हो म्हणते. झाँ-क्लोदला कळतं. तो म्हणतो, ठीक आहे, मग मी रिचर्डला मारतो. शेवटी तडजोड अशी निघते, की अनिताने दोघांनाही भेटत राहायचं, म्हणजे कोणी कोणाला मारणार नाही. असा करारनामा मी माझ्या उभ्या कारकिर्दीत पाहिला नाही, आणि मी दोन साखर कारखाने तपासलेत. प्रेमाचा त्रिकोण म्हणतात ना, तो इथे शब्दशः शांतता समितीसारखा चालतो. सोमवारी हे, गुरुवारी ते, आणि दोन्ही पक्षांच्या लोकांनी मधल्या वारी संयम राखावा.

आता ह्या सगळ्यातला खरा पेच कुठे आहे, तो मला १९९७ च्या पुस्तकात सापडला. कोणाला निवडू, गोरा की सावळा, हा पेच नाहीच. रिचर्डच्या टोळीत कायदा असा आहे की म्होरक्याला हरवून जिवे मारलं, तरच त्याची जागा मिळते. रिचर्डने म्होरक्याला हरवलं, पण मारलं नाही. म्हणाला, मी असा नाही. अनिता त्याच्यामागे तगादा लावते. मार, नाहीतर तो तुला मारेल. भाबडेपणा सोड. हे ती प्रेमाने सांगते, आणि तिचा हिशेबही बरोबर असतो. शेवटी रिचर्ड तिचं ऐकतो. मारतो. आणि लांडग्यांच्या रिवाजाप्रमाणे तिच्या डोळ्यांसमोर त्याला खातो.

अनिता तिथून पळते. कुठे जाते? झाँ-क्लोदकडे.

मी ते पान तीनदा वाचलं. स्वतः मागणी नोंदवलेला माल दारात आल्यावर हिने नाकारला. शाळामास्तराला खाटीक व्हायला लावलं, आणि हातावर रक्त दिसल्यावर, ज्याच्या हातावर रक्त असणं आपल्याला आधीपासून ठाऊक आहे, त्याच्या घरी ही निघून गेली. मला तिचा राग यायला हवा होता. पण खरं सांगते, कीव आली. भल्या माणसाने आपल्यासाठी वाईट व्हावं असं मागायचं, आणि तो झाला की त्याच्याकडे बघवत नाही, हे लांडग्यांशिवायही होतं. आमच्या ऑफिसात व्हायचं. घराघरात होतं. ‘सगळे घेतात, तुम्हीच एक हरिश्चंद्र’ असं वर्षानुवर्षं ऐकवून झाल्यावर ज्या दिवशी नवरा पहिलं पाकीट घेऊन येतो, त्या दिवशी त्या बाईचा चेहरा बघावा.

इथपासून पुढे मी अनिताला नियमांच्या वहीसारखी वाचू लागले. तिच्या वहीत नियम होते. व्हॅम्पायरबरोबर हिंडणार नाही. माणूस मारणार नाही. हुकमाशिवाय कोणालाच मारणार नाही. लग्नाआधी जवळीक नाही. प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या पुस्तकात मोडतो, पण कधीही मोहाने मोडत नाही. मित्राचा जीव धोक्यात असतो, पोरं कोंडलेली असतात, पहाट व्हायला दहा मिनिटं असतात. म्हणजे सरकारी भाषेत सांगायचं तर, प्रत्येक वेळी ‘विशेष बाब म्हणून’. आमच्याकडे अशा मंजुरीच्या खाली एक ओळ ठरलेली असते, की हे पूर्वोदाहरण म्हणून समजण्यात येऊ नये. ती ओळ वाचली की आम्ही लेखापरीक्षक हसतो, कारण पुढच्या प्रत्येक मंजुरीला त्याच कागदाची प्रत जोडलेली असते. अनिताचं तसंच. हुकूम हातात येण्याआधी वध, मग कार्योत्तर मंजुरी. पुढे पुढे तर तिला स्वतःलाच प्रश्न पडतो, की मी ज्यांना मारायला निघाले होते त्यांच्यात आणि माझ्यात आता नक्की फरक काय राहिला? प्रश्न चोख आहे. उत्तर शोधायला बसली की दारावर कोणीतरी रक्तबंबाळ येऊन पडतं.

ह्या सगळ्यात तिचा जिवाभावाचा माणूस कोण, तर एडवर्ड, भाड्याने माणसं मारणारा. व्हॅम्पायर त्याला ‘मृत्यू’ म्हणतात. २००० सालच्या पुस्तकात अनिता त्याच्याकडे न्यू मेक्सिकोला जाते, तर गृहस्थाने नाव बदलून दोन मुलांच्या एका विधवेशी लग्न ठरवलेलं! आणि आमची अनिता, जिच्या स्वतःच्या घरी ना धड लांडगा ना धड व्हॅम्पायर, ती मृत्यूला समोर बसवून सुनावते, की ह्या बाईला फसवू नकोस, मुलांचा विचार कर. माझ्या मते सबंध मालिकेतलं हे सगळ्यात खरं पुस्तक. आपला संसार निस्तरता येत नाही तेव्हा माणसाला दुसऱ्याच्या संसारातली नीती किती स्पष्ट दिसते! मी स्वतः त्याच आठवड्यात वेंगुर्ल्याच्या भाचीला फोनवर पाऊण तास उपदेश केला होता.

२००१ पासून मात्र लेखिकेने कहर केला. विशेष बाबींचा कंटाळा आला असावा. तिने सरळ नियमातच दुरुस्ती केली. अनिताच्या अंगात एक अशी भूक शिरते, की ती भागवली नाही तर अनिताचा आणि तिच्या माणसांचा जीव जाईल. कसली भूक ते मी इथे लिहीत नाही; हा अंक आमचे हे वाचणार आहेत. एवढंच सांगते, की त्यानंतर दोघांचे चार होतात, चाराचे आणखी, आणि मला नावं लक्षात ठेवायला मुलीच्या प्रिंटरमधला कागद घेऊन हजेरीपट आखावा लागला. बिबटे, वाघ, लांडगे, व्हॅम्पायर. पगारी रजा कोणालाच नाही. ह्या वळणावर वाचकांत दोन तट पडले. एका तटाला अनिता न्यू मेक्सिकोहून परत आली तिथेच मालिका संपली असं वाटतं; दुसरा तट तिसाव्या पुस्तकापर्यंत सोबत गेला. मी मधल्या मधे आहे. मला संख्येचं वावडं नाही. पण पूर्वी नाही म्हणताना जिवावर यायचं, म्हणून तिच्या हो म्हणण्याला वजन होतं. जीव वाचवण्यासाठी करावंच लागतं म्हटल्यावर पेच कसला? अंदाजपत्रकात तरतूद झाली की चोरीचा खर्च होतो, आणि खर्चात वाचण्यासारखं काही नसतं.

खोक्यातल्या दुसऱ्या बायकांकडे वळले. सगळ्यांचं सांगत बसत नाही. एक मर्सी थॉम्पसन, वॉशिंग्टन राज्यात फोक्सवॅगनचं गॅरेज चालवते आणि स्वतः कोल्ह्यासारख्या कायोटीचं रूप घेते. तिचा शेजारी ॲडम हा लांडग्यांचा म्होरक्या, टापटिपीचा भोक्ता. त्याने जास्त हुकूम सोडले, की ही आपल्या आवारातल्या भंगार गाडीचं एखादं चाक काढून ठेवते, बरोबर त्याच्या खिडकीतून दिसेल असं. नीतिमत्तेच्या मोठमोठ्या झगड्यांपेक्षा मला हे चाक आवडलं. पुढे ती लग्न त्याच्याशीच करते. एक केट डॅनियल्स, अटलांटाची. तिच्या जगात जादूची लाट आली की वीज जाते, गाड्या बंद पडतात, आणि लाट ओसरली की वीज परत येते; कधी येईल-जाईल त्याचा नेम नाही. लेखक नवरा-बायकोची जोडी आहे. त्यांनी हे डोक्यातून काढलं असेल तर कमाल आहे. मला तर वाटलं एखादा उन्हाळा सिंधुदुर्गात काढला असावा. तिच्याकडच्या रूपं बदलणाऱ्या लोकांत पुरुषाने बाईला स्वतःहून खायला वाढलं की त्याचा अर्थ मागणी घालणं असा होतो, आणि केटला ते ठाऊक नसतं. हा रिवाज आपल्याकडे आला तर लग्नाच्या पंगतीत आग्रहाने जिलबी वाढणारे किती जण अडकतील ह्याचा हिशेब मी मनात करून सोडून दिला.

पण चटका लावला तो सूकी स्टॅकहाउसने. लुइझियानातल्या लहानशा गावात बारमध्ये गिऱ्हाइकांना वाढणारी मुलगी. लेखिका शार्लेन हॅरिस. २००१ ते २०१३ मध्ये तेरा कादंबऱ्या झाल्या, टीव्हीवर मालिकाही गाजली. सूकीला जन्मापासून दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं. म्हणजे समोरचा ‘किती छान दिसतेस’ म्हणतो आणि मनात काय म्हणतो तेही हिच्या कानावर पडतं. अशा मुलीचं लग्न जमणार कसं? मग गावात एक व्हॅम्पायर येतो. तो मेलेला असल्यामुळे त्याच्या मनातलं काही ऐकू येत नाही. गार शांतता. सूकी त्या शांततेच्या प्रेमात पडते. रूप नाही, पैसा नाही, निव्वळ शांतता! हे वाचून मी वर आले. आमचे हे मालिका संपवून, फोन पोटावर ठेवून, तोंड किंचित उघडं टाकून झोपले होते. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या मनात काय चाललंय ते मला एकदाही ऐकू आलेलं नाही. त्याला प्रेम म्हणायचं असतं, हे मला सेंट लुईसला कळलं.

त्या व्हॅम्पायरचं नाव बिल. आणि पुढे काही पुस्तकांनी उघड होतं, की बिल गावात आपणहून आलेलाच नव्हता. लुइझियानाच्या व्हॅम्पायर राणीने सूकीची विद्या कामाला येईल म्हणून त्याला तिच्यामागे लावलं होतं. म्हणजे तो प्रतिनियुक्तीवर होता! इकडे पोरगी जीव टाकतेय आणि तिकडे ह्याचा प्रवासभत्ता चालू. प्रेम नंतर खरंच बसलं असं तो सांगतो, आणि तसं ते बसलेलं दिसतंही. पण बिल मुळात बनावट होतं, आणि बनावट बिलावर नंतर खरा माल आला तरी आक्षेप वगळता येत नाही, हे सूकीला कोणी शिकवलं नव्हतं तरी ती बरोबर तसंच वागते. रडते, आणि मंजूर करत नाही. ह्या एका मुलीच्या वहीत मला विशेष बाब सापडली नाही. होत्या थोड्या, पण किरकोळ.

एका रविवारी मी हट्ट धरला, मला अनिताची जागा बघायची आहे. जावई गाडी काढायला तयार झाले. ते माझ्या कुठल्याही हट्टाला तयार होतात, तामिळ आहेत, अजून भीती गेलेली नाही. कमानीच्या उत्तरेला नदीकाठी लॅक्लीड्स लँडिंग म्हणून जुन्या वखारींचा भाग आहे. विटांच्या इमारती, दगडी फरशीचे रस्ते, डोक्यावरून १८७४ सालचा ईड्स पूल. व्हॅम्पायरांनी दुकानं थाटावीत तर इथेच. संध्याकाळ उतरत होती. मी फरशीवरून गुडघे सांभाळत चालले होते. नात म्हणाली, “आजी, वुई आर लुकिंग फॉर व्हॉट, एक्झॅक्टली?” मी म्हटलं, पिशाच्चांचा धनी. ती म्हणाली, “ओके,” आणि फोनमध्ये परत गेली. धनी दिसला नाही. आमच्या ह्यांना मात्र डास चावले. तेवढंच काय ते रक्त निघालं.

रात्री जेवताना मी मुलीला माझे सगळे आक्षेप वाचून दाखवले. हितसंबंध, कार्योत्तर मंजुरी, नाकारलेला माल, सगळं. ती निमूट ऐकत होती. मग म्हणाली, “आई, तुझं एक विसरलं.”

“काय?”

तिने नुसतं जावयांच्या ताटाकडे बघितलं. ताटात वांग्याची भाजी होती. बाजूला आमच्या तिघींच्या ताटांत तळलेला मासा.

मला सगळं आठवलं. पत्रिका बघितल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही असं सांगणारी मी, आणि जावयांची पत्रिका तेलुगू की तामिळ लिपीत होती ती उघडलीसुद्धा नाही. वेंगुर्ल्याच्या घरात, ज्याला माशाचा वासही चालत नाही असा जावई. “बघायला चालतं, आई,” असं ते पहिल्या भेटीत नम्रपणे म्हणाले होते, बांगड्याकडे बघून. माझ्या आईने गावी देवाला कौल लावला. पहिला डावा आला. “देवाला प्रश्न नीट कळला नसेल,” म्हणून तिने पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी उजवा आला आणि साखर वाटली. लग्न नोंदणी पद्धतीने आधीच झालेलं होतं, ते देवाला शेवटी सांगितलं.

“ते वेगळं,” मी म्हटलं.

“हो ना,” मुलगी म्हणाली आणि डोकं खाली घालून काटे काढू लागली.

नंतर सगळे झोपल्यावर मी १९९७ चं ते पुस्तक परत काढलं, रिचर्ड मारतो ते पान बघायला. पानात खुणेला घडी घातलेला एक कागद होता. पहिल्या वाचनात मी तो मुलीच्या अभ्यासाचा समजून बाजूला सारला होता. आता उघडला, तर माझंच अक्षर! २००५ साली सायबर कॅफेत जाऊन, स्कॅन करून तिला पाठवलेलं एक स्थळ. तिने तिकडे त्याचा छाप काढला होता. मुलगा अभियंता, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, उंची पाच-दहा, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळतात. खाली मी शेरा दिला होता. मुलगा अतिशय सालस, निर्व्यसनी, घरात कोणाला वर तोंड करून बोललेला नाही.

त्या ओळीच्या डाव्या समासात, आम्ही आक्षेप लिहितो बरोबर तिथे, पेन्सिलीने बारीक अक्षरांत मुलीने लिहिलं होतं, “पौर्णिमेला?”

मी घडी घालून कागद होता त्याच पानात ठेवला.